सोलर बसवायचंय? आधी वीजबिलावरचं नाव बघा

घरावर सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पॅनेल कुठल्या कंपनीचं घ्यायचं?" आमच्या घरातही हाच प्रश्न निघाला. सातारा जिल्ह्यातलं गावाकडचं घर, वर मोकळा स्लॅब, दिवसभर ऊन. पॅनेल निवडायला आम्हाला दोन दिवस लागले आणि ते स्लॅबवर चढायला पाच महिने. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर होतं आणि आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. बिल वेळेवर भरलं जात होतं, त्यामुळे नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर आत्या, मावसभाऊ, शेजारी अशा चार-पाच घरांचे अर्ज मी सोबत बसून भरले. प्रत्येक ठिकाणी काम अडलं ते कागदावर किंवा छतावरच्या सावलीवर. पॅनेलवरून कुणाचं अडलं नाही. म्हणून हा लेख पॅनेलच्या कंपन्यांवर नाही. तुमचं वीजबिल, तुमचं छत आणि तुमचा मीटर या तीन गोष्टी आधी नीट समजून घ्या, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आधी बिल हातात घ्या

महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. सगळा अर्ज या क्रमांकाभोवती फिरतो. केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने'च्या संकेतस्थळावर नोंदणी करताना हाच क्रमांक टाकायचा असतो. तो टाकला की समोर नाव येतं ते बिलावरचं. ते नाव, आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे, कारण अनुदान थेट खात्यात जमा होतं. बिलावर 'ग. रा.' आणि आधारवर 'गणपत रामचंद्र' असेल तर तेही आधीच दुरुस्त करून घ्या. नंतर याच फरकापायी पैसे अडकतात.

बिल वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी नाव बदलाचा अर्ज. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. गावाकडे घराच्या मालकीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, शहरात घरपट्टीची पावती. आमच्याकडे दोन काका आणि एक आत्या. एक काका सुरतेला. त्यांची सही मिळायला दिवाळी उजाडली. भांडण काही नव्हतं, सगळे एकत्र यायचा योग नव्हता. तुमच्या घरी अशी स्थिती असेल तर सोलरचा विचार पुढच्या वर्षीचा असला तरी नाव बदलाचा अर्ज आज करा. त्याला सोलर असण्या-नसण्याची अट नाही, आणि पुढे घर विकताना किंवा वाटणी होताना तो कागद उपयोगीच पडणार आहे.

बिलावर अजून दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे थकबाकी. असेल तर भरून टाका. दुसरी म्हणजे मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॉट वीज घ्यायची मुभा आहे तो आकडा. पूर्वी भार एक किलोवॉट आणि सोलर तीन किलोवॉटचं असलं की आधी भारवाढीचा वेगळा अर्ज, मग तांत्रिक तपासणी असं लांबत जायचं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्कांचे नियम बदलले. आता 10 किलोवॉटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर झाल्याचं धरलं जातं आणि लागणारी भारवाढ वीज कंपनीनेच करायची असते. घरगुती ग्राहकासाठी ही मोठी सोय आहे आणि ती अनेकांना माहीत नसते. एजंट 'भार वाढवून देतो' म्हणून वेगळे पैसे मागत असेल तर हा नियम त्याला दाखवा. सिंगल फेजवरून थ्री फेजवर जायची वेळ आली तर मात्र बिलातला स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा भरावी लागणारी रक्कम, वाढतो, तो हिशेबात धरा.

किती किलोवॉट लागेल?

मागच्या बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर लिहून काढा. बिलावरच मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. एक किलोवॉटचं सोलर आपल्याकडे महिन्याला सरासरी 120 युनिट देतं. ही वर्षाची सरासरी आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी. म्हणजे वर्षाला 120 गुणिले 12, 1,440 युनिट. तुमचा वर्षाचा वापर 2,400 युनिट असेल तर भागिले 1,440, म्हणजे दोन किलोवॉटच्या आत काम होतं. जागा साधारण किलोवॉटमागे 100 चौरस फूट.

ज्याचा वापर महिन्याला साठ-सत्तर युनिट आहे त्याने घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे पहिले 100 युनिट स्वस्त असतात आणि त्यापुढचे एकदम महाग. सोलरने खरा पैसा वाचतो तो त्या महागड्या युनिटांत. शिवाय बिल पूर्ण शून्यावर येतं ही समजूत चुकीची आहे; स्थिर आकार भरावाच लागतो. कमी वापराच्या घरांसाठी राज्य सरकारने 2025 मध्ये 'स्मार्ट' ही योजना आणली आहे. तीत केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर पडते. 100 युनिटांच्या आत वापर असेल तर आधी तीत आपण बसतो का ते पाहा, मग हिशेब मांडा.

केंद्राचं अनुदान असं आहे: पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पाच किलोवॉट बसवलं तरी 78,000च. त्यासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात अशा पॅनेलला 'डीसीआर' म्हणतात. ती थोडी महाग पडतात. कुणी फार स्वस्त भाव देत असेल तर कोटेशनवर 'डीसीआर' लिहिलंय का ते वाचा. नसेल तर अनुदान मिळणार नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. अनुदान मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांपैकी जी कमी ती धरतात. आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरात '3 किलोवॉट सिस्टिम' होतं आणि खाली लहान अक्षरात 540 वॉटची पाच पॅनेल. पाच गुणिले 540 म्हणजे 2.7 किलोवॉट. इन्व्हर्टर तीनचा, पॅनेल 2.7ची. अनुदान 78,000ऐवजी 72,600 आलं असतं आणि वीजही दहा टक्के कमी. सहावं पॅनेल धरून कोटेशन पुन्हा मागवलं. भाषा कितीही गोड असली तरी पॅनेलची संख्या आणि वॉट यांचा गुणाकार स्वतः करा.

डिसेंबरची सावली मे महिन्यात दिसत नाही

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. छप्पर बघायला माणूस येतो तो बहुतेक उन्हाळ्यात, कारण तेव्हाच बिलाचा चटका बसलेला असतो. तो दुपारी बाराला वर येतो, टेप लावतो आणि सांगतो, "ऊन मस्त आहे, कुठेच सावली नाही." त्या दिवशी ते खरंच असतं. मे महिन्यात महाराष्ट्रात ठिकठिकाणी शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. टाकीची सावली टाकीखालीच राहते.

डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो. साताऱ्या-पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण 49 अंशांवरच असतो. तेव्हा सहा फूट उंच टाकीची दुपारची सावली उत्तरेकडे पाच फुटांहून लांब जाते, आणि सकाळी नऊला किंवा दुपारी चारला त्याच्या दुप्पट-तिप्पट. आमच्या मावसभावाने थंडीच्या एका रविवारी स्लॅबवर खडूने टाकीच्या, जिन्याच्या खोलीच्या आणि शेजारच्या नारळाच्या सावलीच्या कडा आखल्या. सकाळी नऊ, बारा, तीन अशा तीन वेळा. संध्याकाळी आखलेल्या रेषांच्या बाहेर जो तुकडा उरला तो त्याला वाटत होता त्याच्या निम्मा होता. त्याने पॅनेलांची जागा बदलली आणि टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली. प्लंबरला दिलेले तेवढे पैसे वाचवले असते तर पुढची पंचवीस वर्षं तोटा झाला असता.

एवढी काळजी का? साध्या संचात पॅनेल एकापाठोपाठ एक जोडलेली असतात, जशी एका पाइपात लावलेली तोट्यांची रांग. एक तोटी अर्धी बंद केली की सगळ्या रांगेचा प्रवाह खाली येतो. पॅनेलच्या आत त्यावर उपाय म्हणून डायोड असतात, त्यामुळे अगदीच सगळं बंद पडत नाही. पण एका पॅनेलवरची सावली फक्त त्या पॅनेलपुरती राहत नाही हे लक्षात ठेवा. सावली टाळताच येत नसेल तर मायक्रो-इन्व्हर्टरचा, म्हणजे प्रत्येक पॅनेलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावायचा, पर्याय असतो. तो महाग आहे.

पॅनेलची तोंडं दक्षिणेकडे आणि कल पंधरा-वीस अंशांचा, हे आपल्याकडे बसतं. आणि उष्णतेबद्दलचा एक गैरसमज: पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. पॅनेलचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे साधारण 0.35 टक्के वीज कमी होते. मे महिन्यातल्या दुपारी ते 65 अंशांपर्यंत तापतं. म्हणजे चौदा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळला पाहिजे.

वाऱ्यावरून सांगाड्याचं सांगतो. सव्वासात फुटांहून लांब आणि पावणेचार फूट रुंद अशी सहा पॅनेल म्हणजे छतावर उभारलेलं गलबताचं शीडच. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा घरांचे पत्रे किती लांब जाऊन पडले ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सांगाडा ताशी 150 किलोमीटरचा वारा सोसेल असा असावा, लोखंड गरम जस्तात बुडवून काढलेलं असावं, नुसता चंदेरी रंग नको. समुद्राजवळ घर असेल तर नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या. आणि स्लॅबमध्ये बोल्ट ठोकणार असतील तर तिथलं वॉटरप्रूफिंग कोण करून देणार हे कागदावर लिहून घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात घर गळतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

परवानगी कुणाची?

लोकांना वाटतं नगरपालिकेत चार खेटे घालावे लागतील. साध्या घरावर स्लॅबपासून थोड्या उंचीवर पॅनेल बसवताना वेगळ्या बांधकाम परवान्याची वेळ सहसा येत नाही. खरी परवानगी वीज कंपनीची. पण तीन प्रसंगांत आधी विचारलेलं बरं. पॅनेलखाली राहण्या-बसण्याची जागा हवी म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा करून वर पत्रा आणि बाजूला भिंती घातल्या तर ते सोलर राहत नाही, बांधकाम होतं. तिथे नगररचना विभागाला विचारूनच पुढे जा. घर वारसा यादीत किंवा वारसा परिसरात असेल तर वारसा समितीची ना-हरकत लागते. आणि तिसरा प्रसंग सोसायटीचा.

फ्लॅटवाल्यांचं गच्चीवर एकट्याचं स्वामित्व नसतं. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून गच्ची आपली, हा समज भांडणाचं मूळ आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आणि ना-हरकत पत्र याशिवाय अर्ज करू नका. त्यापेक्षा सोसायटीने मिळून लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरवर सोलर बसवणं सोपं पडतं. त्याला केंद्राकडून किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात, घरटी तीन किलोवॉटच्या हिशेबाने, कमाल 500 किलोवॉटपर्यंत. लिफ्ट-पंपाचं बिल कमी झालं की मेंटेनन्स सगळ्यांचाच हलका होतो, त्यामुळे सभेत ठरावही लवकर होतो.

अर्जाचा क्रम असा: संकेतस्थळावर नोंदणी, अर्ज मंजूर, यादीतल्या नोंदणीकृत एजन्सीशी करार, संच बसवणं, त्याची माहिती आणि फोटो चढवणं, वीज कंपनीची तपासणी आणि नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा), मग कार्यान्वित झाल्याचं प्रमाणपत्र. शेवटी बँकेचा तपशील भरायचा आणि अनुदान साधारण 30 दिवसांत जमा होतं. तीन किलोवॉटपर्यंत बँका तारण न घेता कमी व्याजाचं कर्जही देतात.

एक कळकळीची विनंती: नोंदणीला मोबाइल नंबर स्वतःचा द्या. आमच्या आत्याच्या अर्जात एजन्सीच्या पोराने स्वतःचा नंबर टाकला होता, 'तुम्हाला त्रास नको' म्हणून. तो नोकरी सोडून गेला आणि ओटीपी त्याच्याकडे. नंबर बदलून घेण्यात सहा आठवडे गेले. आणि पैसे टप्प्याने द्या. शेवटचा हप्ता नेट मीटर बसून युनिट मोजायला लागल्यावरच, हे करारात लिहा. पॅनेल छतावर चढली म्हणजे काम झालं असं एजन्सीला वाटतं. तुमच्यासाठी ते मीटर बदलेपर्यंत सुरूसुद्धा झालेलं नसतं.

मीटर काय करतो?

दुपारी घरात पंखा आणि फ्रिज एवढंच चालू असतं आणि छतावर दोन-अडीच किलोवॉट वीज तयार होत असते. उरलेली वीज तारेतून बाहेर जाते, बहुधा शेजाऱ्याच्याच घरात. रात्री तुम्ही बाहेरून घेता. नेट मीटर घेतलेले आणि दिलेले असे दोन आकडे वेगळे मोजतो. समजा महिन्यात 190 युनिट घेतले आणि 240 दिले. फरक 50, तो तुमच्या खात्यावर शिल्लक. जुलैत 200 घेतले, 110च दिले. 90 कमी पडले. त्यातून आधीचे 50 वजा होतात आणि बिल 40 युनिटांचं येतं.

ही शिल्लक आर्थिक वर्षापुरतीच चालते. 31 मार्चला उरलेले युनिट कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते आणि खातं पुन्हा शून्यावर येतं. तो दर तुम्ही वीज घेता त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. आपल्या हवामानात एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामी येते, फेब्रुवारी-मार्चची मात्र वाया गेल्यासारखी जाते. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून 'वीज विकून कमाई' करण्याचं स्वप्न कुणी दाखवलं तर त्याच्या नादी लागू नका. 2025 पासून घरगुती ग्राहकांनाही दिवसाच्या वेळेनुसार दर लागू होऊ लागले आहेत, म्हणून करार करताना त्या वेळचा दरपत्रकाचा आदेश वाचा. आणि शक्य तेवढी कामं, पंप, वॉशिंग मशीन, गिरणी, दुपारी उरकून घ्या. स्वतःच वापरलेल्या युनिटाला कुठल्याच नियमाची बाधा होत नाही.

लाइट गेली की साधं सोलर बंद पडतं. भर उन्हात घरात अंधार बघून आमची आई हळहळली होती. कारण ऐकल्यावर मात्र ती पुन्हा कधी कुरकुरली नाही. लाइट बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो आणि आपल्या छतावरची वीज त्याच तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून तार मेली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. भारनियमन जास्त असेल तर बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा लागतो, त्याचा खर्च मोठा असतो.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. शक्य असेल तर असं एखादं गाव किंवा ओळखीतलं घर जाऊन बघा, आणि तिथल्या माणसाला पॅनेलचं नाव विचारण्याआधी अर्थिंग विचारा. जमिनीत तीन वेगळी अर्थिंग हवीत: पॅनेलच्या बाजूला एक, घरच्या विजेच्या बाजूला एक आणि वीज पडण्यापासून बचाव करणाऱ्या काठीला एक. खर्च वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात उतरवलेली मी पाहिली आहेत.

बसवल्यानंतर फारसं काम राहत नाही. धूळ बसली की पहाटे, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. बोअरचं क्षाराचं पाणी वाळलं की पांढरे डाग धरतं, म्हणून नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. आणि महिन्याच्या ठरावीक दिवशी मीटरवरच्या दोन्ही आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आम्ही तो एक तारखेला काढतो. 31 मार्चच्या संध्याकाळी एक जास्तीचा काढतो, एप्रिलच्या बिलाशी ताडून बघायला.